काय चालू करू?

आखाजी उलटली की अमळनेरात लग्नांचा धडाका सुरू होतो आणि आमच्या मेडिकलच्या काउंटरवर केसांची विचारपूस वाढते. पारा पंचेचाळिसाकडे गेलेला, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. पण संध्याकाळी शटर पुरतं वर जायच्या आत कोणी ना कोणी येऊन उभं. नवरी असते, नवरीची आई असते, हल्ली नवरदेवसुद्धा असतो. "ताई, केस फार गळून राहिले. काय चालू करू?"

दुकान सासऱ्यांनी उघडलेलं. आता भिंतीवरच्या फ्रेममध्ये फार्मासिस्ट म्हणून माझं सर्टिफिकेट आहे. सासऱ्यांच्या काळी ताकदीसाठी लोक एक टॉनिकची बाटली नाहीतर बी-कॉम्प्लेक्सची पट्टी मागायचे, बाळंतिणीला कॅल्शियम, बस. आता केस, कातडी आणि नखं यांचा स्वतंत्र रॅक आहे आणि तो अगदी दर्शनी आहे, कारण त्यावर मार्जिन चांगलं सुटतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. बायोटिन या ब गटातल्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या, चघळायच्या गमीज, कोलॅजनची पावडर, पाण्यात फसफसणारी ग्लुटाथायोनची गोळी, माशाच्या तेलाच्या पिवळ्याधमक कॅप्सूल. यातलं काहीही न्यायला चिठ्ठी लागत नाही. डब्यावर बारीक अक्षरात 'औषधी वापरासाठी नाही' असं इंग्रजीत छापलेलं असतं, ते कोणी वाचत नाही आणि वाचलं तरी थांबत नाही.

'काय चालू करू' याचं उत्तर द्यायला सगळं गाव बसलेलं आहे. पार्लरवाली आहे, जिमवाला आहे, जाऊबाई आहेत, मोबाइल तर आहेच. 'काय बंद करू' असं विचारणारं गिऱ्हाईक मात्र क्वचित. माझं मत विचाराल तर केस गळायला लागले, तोंडावर पुटकुळ्या आल्या, की आधी हाच प्रश्न विचारावा. कारण जे कमी पडलं की केस गळतात, त्यातलं बरंचसं जास्त झालं तरीही केसच गळतात.

आधी केसांचं वेळापत्रक सांगते, त्यावाचून पुढचं कळायचं नाही. डोक्यावर साधारण लाखभर केस. रोज पन्नास ते शंभर गळणं हा नेहमीचा व्यवहार. एकेक केस काही वर्षं वाढतो, मग दोन-तीन महिने नुसता बसून राहतो आणि शेवटी गळतो. टायफॉइड, डेंगी, बाळंतपण, मोठं ऑपरेशन, नाहीतर दोन वेळचं जेवण सोडून केलेलं डाएट, असा काही दणका बसला की एरवी वाढत राहिले असते असे पुष्कळ केस एकदम बसून घेतात. ते गळतात दोन-तीन महिन्यांनी. पावसानं जुलैत ओढ दिली की त्याचा हिशेब दिवाळीत कापूस वेचताना लागतो, तसंच. त्वचारोगतज्ज्ञ याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. मूळ कारण निघून गेलं की सहाएक महिन्यांत बहुतेकांचं आपोआप सावरतं.

आता गंमत बघा. पोरीला भाद्रपदात डेंगी झाला. दिवाळीच्या सुमाराला न्हाणीघराच्या जाळीवर केसांचे पुंजके. घाबरून तिनं महिन्याचा डबा नेला, संपला तसा दुसरा नेला. होळीपर्यंत कपाळाच्या कडेनं बारीक नवी लव दिसायला लागली. श्रेय कोणाला? डब्याला. मग ती मामेबहिणीला सांगते, मामेबहीण मैत्रिणीला, आणि माझा रॅक चालतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. ते त्यांच्या चालीनं आलेले असतात.

हेच उलटही होतं. एखाद्या गोळीनं अपाय केला, तर केस गळायला लागेपर्यंत ती संपून रिकामा डबा भंगारात गेलेला असतो. तिच्याकडे कोणाचंच बोट जात नाही. दोष जातो बोअरच्या पाण्याला, नव्या शाम्पूला, नाहीतर सासरच्या टेन्शनला.

याचं मोठं उदाहरण आमच्या शेजारीच घडलं. अमळनेरहून भुसावळ, भुसावळहून शेगाव, हा आमच्याकडच्या लोकांचा गजानन महाराजांच्या दर्शनाचा नेहमीचा रस्ता. २०२४ चा डिसेंबर सरता सरता आणि २०२५ च्या जानेवारीत त्या शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, काळवड, हिंगणा अशा गावांतून बातम्या यायला लागल्या की लोकांचे केस हातात येताहेत. डोक्याला खाज सुटली, तीन-चार दिवसांत केस गेले, टक्कल पडलं. बाया, बापे, शाळकरी पोरं, कोणीच सुटलं नाही. पुढे अठरा गावं आणि २७९ माणसं असा आकडा छापून आला. टीव्हीवाल्यांनी 'टक्कल व्हायरस' असं नाव देऊन टाकलं. पहिला संशय पाण्यावर गेला. तो खारपाणपट्टा आहे, तिथलं पाणी मुळातच खारं; तपासलं तर नायट्रेटही जास्त निघालं. मग बुरशीचा संशय, मग शाम्पूचा. आयसीएमआरची, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, पथकं आली, रक्ताचे नमुने गेले.

त्यातच डॉ. हिंमतराव बावस्कर त्या गावांत जाऊन आले. विंचवाच्या दंशावरच्या कामासाठी आपण त्यांना ओळखतो, महाडचे, २०२२ चे पद्मश्री. त्यांनी लोकांचं रक्त, लघवी, केस आणि घरातला गहू तपासून घेतला आणि सांगितलं की यात सेलेनियम नावाचं खनिज भलतंच जास्त आहे आणि रक्तात झिंक कमी आहे. त्यांनी बोट दाखवलं ते रेशनच्या, पंजाब-हरियाणाकडून आलेल्या गव्हाकडे. पंजाबात होशियारपूर-नवांशहराच्या पट्ट्यातल्या काही जमिनींत सेलेनियम मुळातच जास्त आहे, हे कृषिशास्त्रज्ञांना कितीतरी वर्षांपासून ठाऊक होतं. तो गहू पोळीतून पोटात जातो आणि टॉवेलावर केस दिसतात, हा त्यांनी सांगितलेला सांधा जोडायला मात्र कोणीतरी घरात शिरून पीठ तपासावं लागलं.

त्या दिवसांत आमच्या काउंटरवर काय चाललं होतं ते सांगते. शेगावला जाऊन आलेली, जायच्या तयारीत असलेली, नुसतीच टीव्ही पाहून घाबरलेली माणसं यायची आणि म्हणायची, केसांसाठी काहीतरी चांगलं द्या, आधीपासून सुरू केलेलं बरं. मी रॅकवरचे डबे उलटे करून मागची यादी वाचायला लागले. केसांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच मल्टिव्हिटॅमिनांत सेलेनियम होतंच. त्यात गैर काही नाही, शरीराला ते लागतं. पण लागतं किती, तर दिवसाला चाळीस ते पंचावन्न मायक्रोग्रॅमच्या घरात. अमेरिकेतल्या आहारशास्त्रज्ञांनी मोठ्या माणसासाठी वरची मर्यादा घातली आहे ४०० मायक्रोग्रॅम. एक मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. इतक्या बारीक मापात कारखान्यात कोणाचा हात चुकला तर काय होतं, तेही घडून गेलेलं आहे. २००८ साली अमेरिकेत एका पातळ सप्लिमेंटमध्ये लेबलावर छापल्याच्या दोनशे पट सेलेनियम पडलं. २०१ माणसांना बाधलं. केस गळाले, नखं ठिसूळ होऊन रंग बदलला, सांधे दुखले, जुलाब झाले. त्या सगळ्यांनी ते तब्येत सुधारावी म्हणूनच घेतलं होतं. चीनच्या हुबेई प्रांतातल्या एन्शी भागात तर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला गावंच्या गावं या दुखण्यानं केस आणि नखं गमावून बसली होती. तिथंही जमिनीतूनच धान्यात आलेलं.

सेलेनियम जास्त झाल्याची एक खूण म्हणून पुस्तकात लिहितात, श्वासाला लसणाचा वास येतो. आमच्या खान्देशात ही खूण ओळखायची कशी? शेवभाजी आणि भरीत खाणाऱ्या गावात तोंडाला लसूण नाही असा माणूसच मला दाखवा. तेव्हा आम्ही आपली नखं बघावीत. आडव्या पांढऱ्या रेघा, कडा उचकटायला लागणं, नख मुळाशी सैल होणं.

अ जीवनसत्त्वाचीही तीच कथा. कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, कातडी खरखरीत होते. म्हणून तर आशाताई नऊ महिन्यांच्या बाळापासून पाच वर्षांच्या पोरापर्यंत चमच्यानं मोजून डोस पाजतात. तो मोजलेला असतो, नोंदलेला असतो, सहा महिन्यांच्या अंतरानं असतो. इकडे आपण काय करतो? त्वचेची कॅप्सूल घेतो, तिच्यात अ असतं. केसांची गोळी घेतो, तिच्यात अ असतं. आईनं सांगितलं म्हणून माशाच्या लिव्हरच्या तेलाची कॅप्सूल घेतो, तिच्यात तर असतंच असतं. एकेक डबा आपापल्या जागी मर्यादेत असतो, बेरीज कोणी करत नाही. हे जीवनसत्त्व तेलात विरघळणारं. जास्तीचं लघवीवाटे निघून जात नाही, लिव्हरमध्ये साठत जातं. रोजची वरची मर्यादा आहे तीन हजार मायक्रोग्रॅम, म्हणजे लेबलाच्या भाषेत दहा हजार आय.यू. त्याच्या वर महिनोन् महिने राहिलं की ओठ फुटतात, कोपऱ्यातून चिरतात, अंगाची सालपटं निघतात, खाज सुटते आणि केस विरळ होतात, कधी भुवयासुद्धा. ओठ फुटले की आपण म्हणतो, उन्हाळा बाधला. वैशाखात अमळनेरात हे म्हणायला कारणही पुष्कळ असतं.

लग्नाच्या मोसमात मला सगळ्यात जास्त धास्ती याचीच वाटते. पोरगी लग्नाआधी तीन-चार महिने तोंडावर तेज यावं म्हणून सगळं चालू करते, लग्नानंतर तेच डबे बॅगेत घालून सासरी नेते आणि लवकरच दिवस जातात. गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत हे तयार स्वरूपातलं अ जीवनसत्त्व जास्त गेलं तर पोटातल्या बाळात व्यंग येऊ शकतं. मुरुमांवरची आयसोट्रेटिनॉइनची कॅप्सूल याच कुळातली, फार जोरकस. तिला चिठ्ठी लागते. ती बंद केल्यावरही महिनाभर दिवस जाऊ द्यायचे नसतात, आणि तिच्या जोडीला अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्यायच्या नसतात. एक आई आपल्या मुलासाठी ती कॅप्सूल न्यायला आली होती, सोबत मल्टिव्हिटॅमिनची पट्टीही मागत होती. म्हणाली, "ती गोळी गरम पडते ना, म्हणून ताकदीची देते सोबत." पोराचे ओठ कसे आहेत विचारलं तर म्हणाली, चिरले आहेत, तूप लावते. पट्टी मी परत रॅकवर ठेवली.

शहादा-नंदुरबारकडच्या पपईची बाजू इथंच घेऊन टाकते, कारण तिच्यावर उगाच आळ येतो. गाजर, पपई रोज भरपूर खाल्ली की तळहात आणि तळपाय पिवळसर-नारिंगी दिसतात, लोक काविळीच्या भीतीनं पळत येतात. डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच असला तर बहुधा ते गाजर-पपईतलं नारिंगी रंगद्रव्य, कॅरोटिन, असतं. शरीर त्याचं लागेल तेवढंच अ जीवनसत्त्व करून घेतं. खाणं कमी केलं की काही आठवड्यांत रंग उतरतो.

गोरं होण्याबद्दल मी फार लिहिणार नाही, चिडचिड होते. ग्लुटाथायोन गोळीतून घेऊन कातडी उजळते याला भक्कम आधार नाही. इंजेक्शनाचं तर विचारूच नका. २०११ मध्ये फिलिपिन्सच्या औषध प्रशासनानं त्याबद्दल जाहीर इशारा दिला होता, त्यात कातडी भाजल्यासारखी सोलून निघण्याच्या जीवघेण्या रिअ‍ॅक्शनचाही उल्लेख होता. तरी पॅकेज विकणारे विकताहेत आणि कापूस वेचून, केळीच्या बागेत राबून रापलेल्या बापाची पोरगी त्याच बापाच्या पैशांनी ते घेते आहे.

आता डब्बा. खान्देशात डब्बा म्हटलं की पोरांच्या तोंडी एकच, जिमचा प्रोटीनचा डब्बा. गेल्या पावसाळ्यात बोरी नदीकाठच्या एका खेड्यातून एक आजी नातवाला हाताला धरून घेऊन आली. पोरगा विशीतला, दंड कमावलेले, मान खाली. आजीनं त्याचा शर्ट मागून वर केला. पाठभर आणि खांद्यांवर लाल, पिकलेल्या पुटकुळ्या, काहींच्या जागी काळे डाग. आजी म्हणाली, "डब्बा पेवाले लागना ना, मंग ह्या फोडं ऊनात. मी सांगस तर ऐकत नही." पोराचं म्हणणं होतं की हे घामानं झालंय, मला पावडर द्या. घामोळ्याची पावडर म्हणायची होती त्याला.

डब्बा प्यायला लागला तेव्हापासून पुटकुळ्या आल्या, हे आजीचं निदान बरोबर होतं. दह्यादुधातलं जे व्हे प्रोटीन, ते एकवटून स्कूपमागून स्कूप पोटात गेलं की इन्सुलिन आणि आयजीएफ-१ नावाचं संप्रेरक वाढतं, त्यानं त्वचेतल्या तेलग्रंथींना चेव येतो. जिमला जाणाऱ्या पोरांच्या छातीपाठीवर असे मुरूम आल्याची, डब्बा बंद केल्यावर ते ओसरल्याची आणि परत सुरू केल्यावर परत आल्याची वर्णनं त्वचारोगाच्या नियतकालिकांत आहेत. सगळ्यांनाच येतात असं नाही. मी त्याला डब्यात आणखी काय काय असतं ते विचारलं, त्यानं फोनमधला फोटो दाखवला. त्यात बी-१२ होतं, बी-६ होतं. वर जिमवाल्याच्या सांगण्यावरून तो बी-१२ ची इंजेक्शनंही घेत होता. या दोघांच्या मोठ्या डोसानंही तोंडावर, पाठीवर एकाच मापाच्या पुटकुळ्यांचं पीक येतं. बी-१२ वाढलं की मुरुमांतल्या जिवाणूंचा कारभार बदलतो, असं २०१५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं. म्हणून शाकाहारी माणसांनी बी-१२ ला घाबरावं असं मी अजिबात म्हणत नाही. ज्याला खरंच कमी आहे त्याची बोटांच्या पेरांवरची कातडी काळी पडते, हातापायांना मुंग्या येतात, त्यानं घेतलंच पाहिजे. रक्त तपासून.

पोरगा विचारत होता, चांगल्या कंपनीचा घेतला तर? केरळमधल्या डॉक्टरांनी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासून २०२४ मध्ये निष्कर्ष छापले. सुमारे सत्तर टक्क्यांत लेबलावरचं प्रोटीन आणि आतलं प्रोटीन यांचा मेळ नव्हता. त्याच वर्षी मे महिन्यात हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं आहाराच्या सूचना नव्यानं काढल्या, त्यांत प्रोटीनच्या पावडरी टाळा असं स्वच्छ लिहिलं आहे. आणि डब्यात लपून स्टेरॉइड आलं असेल तर मुरूम तर येतातच, पण ज्याच्या घराण्यात टक्कल आहे त्याचे पुढचे केसही लवकर निघतात. जिमवाल्यांची दुसरी पावडर जी क्रिएटिन, तिच्यावर केस गळण्याचा आळ मात्र मला कच्चा वाटतो. तो मुख्यतः २००९ च्या, रग्बी खेळणाऱ्या पोरांवरच्या एका छोट्या अभ्यासावर उभा आहे. त्यात एक हॉर्मोन वाढलेलं दिसलं, केस कोणी मोजलेच नव्हते.

आजीला हे सगळं ऐकायचं नव्हतं. तिचा सवाल साधा होता: घरी उडदाची डाळ आहे, कळण्याची भाकर आहे, शेंगदाणे आहेत, गोठ्यात म्हैस आहे, मग तीन हजाराचा डब्बा कशाला? पोरगा काही बोलला नाही. आजीच्या हिशेबाला माझ्याकडेही उत्तर नव्हतं.

नायसिनचा, म्हणजे बी-३ जीवनसत्त्वाचा, किस्सा हसण्यासारखा आहे म्हणून सांगते. आमच्या गल्लीतले एक आप्पा, निवृत्त, कोलेस्टेरॉल आणि त्वचा दोन्हींसाठी गुणकारी म्हणून त्यांनी बी-३ च्या मोठ्या डोसाच्या गोळ्या ऑनलाइन मागवल्या. पहिली गोळी उपाशीपोटी. वीस मिनिटांत चेहरा, मान, छाती लालबुंद, अंगातून वाफा, खाज. घरच्यांना वाटलं ऊन लागलं. कैरीचं पन्हं पाजलं, कांदा फोडून तळव्यांना चोळला, ओला पंचा डोक्यावर. तासाभरात लाली उतरली, पन्ह्याचा जयजयकार झाला. दुसऱ्या दिवशी परत गोळी, परत लाली, परत पन्हं. तिसऱ्या दिवशी सूनबाई डबा घेऊन आली. नायसिननं कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या फुलतात, त्याचा तो भडका. तो आपोआप ओसरतो, पण असले डोस डॉक्टरांच्या नजरेखाली घ्यायचे असतात, लिव्हरला बाधतात.

आणि आता रॅकवरचा सगळ्यात खपणारा माल, बायोटिन. शरीराला रोज लागतं तीस मायक्रोग्रॅमच्या आसपास. गोळीत असतं पाच हजार, दहा हजार. ज्याला खरोखर कमतरता आहे अशा थोड्यांना सोडलं तर यानं केस वाढतात याचा पुरावा तुटपुंजा आहे. जास्तीचं लघवीतून जातं, म्हणून ते निरुपद्रवी असं सगळे धरून चालतात. त्याचा उपद्रव वेगळ्याच ठिकाणी आहे, पॅथॉलॉजी लॅबमध्ये. थायरॉइडच्या आणि इतर बऱ्याच चाचण्यांत बायोटिनचाच चिकटण्याचा गुण वापरलेला असतो. तुमच्या रक्तात आधीच बायोटिनचा पूर असला की यंत्र फसतं. टीएसएच खोटंच कमी दिसतं, टी-३, टी-४ खोटेच वाढलेले. कागदावर माणसाला थायरॉइड वाढल्याचा आजार होतो, अंगात काहीच नसतं. हार्ट अटॅकच्या ट्रोपोनिन चाचणीतही असंच होऊ शकतं, आकडा खोटा कमी येतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं, एफडीएनं, २०१७ च्या नोव्हेंबरात याबद्दल इशारा दिला, त्यात एका मृत्यूचाही उल्लेख होता.

आता हे आपल्या गावात आणून बघा. केस गळतात म्हणून बाई आधी बायोटिन चालू करते. महिन्याभरानं डॉक्टरकडे जाते. केस गळणाऱ्या बाईला डॉक्टर पहिली चाचणी कोणती लिहिणार? थायरॉइडचीच. एका शाळेत शिकवणाऱ्या बाईंचं हेच झालं. रिपोर्ट घेऊन आल्या, सोबत थायरॉइड कमी करायच्या गोळीची चिठ्ठी. वजन उतरलेलं नाही, हात थरथरत नाहीत, छाती धडधडत नाही. मी विचारलं, डॉक्टरांनी विचारलं होतं का काय काय चालू आहे? म्हणाल्या, "विचारलं ना. म्हटलं, काहीच नाही." केसांच्या गोळ्या? "त्या काय औषध थोड्याच आहेत!" डबा त्यांनी माझ्याच दुकानातून नेलेला होता. डॉक्टरांना फोन लावून दिला. बायोटिन थांबवून आठवड्यानं परत रक्त दिलं, थायरॉइड व्यवस्थित. चाचणीआधी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवावं, मोठा डोस असेल तर त्याहून जास्त, असं थायरॉइडचे तज्ज्ञ सांगतात. बाईंचं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, मात्र तळाला गेलेलं निघालं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. चार दिवसांत तक्रार घेऊन हजर: पोट जड होतं, शौचाला काळं होतं, ही गोळी बाधते आहे, बंद करू का? म्हटलं, ही तेवढी राहू द्या. चहाबरोबर घेऊ नका, कॅल्शियमबरोबर घेऊ नका, वर लिंबू पिळलेलं पाणी प्या.

लेबल असलेल्या मालाची ही तऱ्हा. वैशाखात बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते, आठवडी बाजार तर बारमाही असतात. तिथं बिनलेबलच्या पुड्या मिळतात. रक्तशुद्धीची, केसांची, कांती उजळायची. त्यातली एखादी पुडी घेतल्यावर आठ दिवसांत सांधे मोकळे होतात, भूक वाढते, चेहरा भरतो, आणि दोन महिन्यांत गाल सुजल्यासारखे गोल, तोंडावर मुरूम, पोटावर जांभळे चट्टे. हे बहुधा आत कालवलेलं स्टेरॉइड. दुसरी काळजी जड धातूंची. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी अमेरिकेत छापून आली २००८ साली. पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. आर्सेनिक वर्षानुवर्षं थोडं थोडं गेलं की तळहाता-तळपायांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या टणक गाठी येतात, अंगावर काळपट कातडीत पांढरे ठिपके दिसतात. वनस्पती म्हणजे बिनधोक हे मला पटत नाही, तसंच आयुर्वेद म्हणजे विष हेही पटत नाही. कोणी बनवलं, कुठल्या बॅचचं, आत काय, हे ज्यावर लिहिलेलं नाही ते तोंडात घालू नये इतकंच.

परवा औषध कंपनीचा एमआर आला. नवा माल, केस, त्वचा, नखं एका गोळीत, दहावर दोन फ्री. मी डबा उलटा केला. अ जीवनसत्त्व, सेलेनियम, झिंक, दहा हजार मायक्रोग्रॅम बायोटिन, सगळं होतं. पोरगा चांगला आहे, एरंडोलकडचा, बाइकवरून दिवसाला चार तालुके करतो, टार्गेटपायी हेल्मेटमध्येच जेवतो म्हणायचं. पुढून केस विरळ व्हायला लागलेत त्याचे. विचारलं, "तू घेतोस का रे ही?" हसला. म्हणाला, "नाही मॅडम, माझ्या वडिलांचं पण असंच आहे."

स्कीम नको म्हटलं. दोन डबे ठेवून घेतले, लग्नाच्या तारखा अजून बाकी आहेत.